लायबेरिया: शांतिसेनेने परत कधी जावं?

पाऊलवाट

संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना कुठे पाठवायची यावर भरपूर लिहिलं जातं. ती परत कधी आणि कशी न्यायची, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. हा प्रश्न सध्या ऐरणीवर आहे. मालीच्या लष्करी सरकारने २०२३ मध्ये शांतिसेनेला चालतं व्हायला सांगितलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती गेली. लेबनॉनमधलं काम ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवायचं सुरक्षा परिषदेने ठरवलं आहे, आणि तिथे आपलेही जवान आहेत. यातला एकही निरोप काम तडीस गेलं म्हणून दिलेला नाही. म्हणून जिथे ते गेलं असं मला मनापासून वाटतं, त्या पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाबद्दल लिहितोय.

या देशातून संयुक्त राष्ट्रसंघ दोनदा परत गेला. पहिल्यांदा सप्टेंबर १९९७ मध्ये, दुसऱ्यांदा ३० मार्च २०१८ ला. दोन्ही वेळा आधी निवडणूक झाली होती, निकाल लागला होता, नवा अध्यक्ष खुर्चीत बसला होता. पहिल्या वेळी दोन वर्षांत पुन्हा युद्ध पेटलं. दुसऱ्या वेळी मात्र पुढचं सत्तांतरही मतपेटीतून झालं. एकाच देशात, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडलेल्या या दोन गोष्टींत फरक कुठे पडला, ते पाहण्यासारखं आहे.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८४७ मध्ये हे प्रजासत्ताक स्थापन केलं आणि त्यांच्याच वंशजांच्या हाती सव्वाशेहून अधिक वर्षं सत्ता राहिली. मूळचे स्थानिक लोक बाहेरच. १९७९ मध्ये तांदळाच्या दरवाढीवरून राजधानी मोनरोवियात दंगल झाली, १९८० मध्ये सॅम्युएल डो या सार्जंटने अध्यक्ष टॉलबर्ट यांना मारून सत्ता बळकावली, आणि २४ डिसेंबर १९८९ ला चार्ल्स टेलरची माणसं आयव्हरी कोस्टमधून निंबा परगण्यात घुसली. तिथून २००३ पर्यंत मध्ये थोडी उसंत सोडली तर युद्धच. दोन्ही युद्धांत मिळून अडीच लाख माणसं गेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या घरात होती.

आता १९९७. जुलैत निवडणूक झाली आणि टेलरला पंचाहत्तर टक्के मतं पडली. निरीक्षकांनी निवडणूक ठीक झाल्याचा दाखला दिला. पण लोकांनी मत कशाला दिलं होतं? हा माणूस हरला तर पुन्हा जंगलात जाऊन बंदूक उचलेल, या भीतीला. 'त्याने माझ्या आईला मारलं, बापाला मारलं, तरी मत त्यालाच' अशा अर्थाच्या घोषणा तेव्हा रस्त्यावर दिल्या जात होत्या. संयुक्त राष्ट्रसंघाची मोहीम फक्त निरीक्षकांची होती, खरं सैन्य पश्चिम आफ्रिकी देशांचं, मुख्यतः नायजेरियाचं. शांतता करारानुसार लष्कराची फेररचना या बाहेरच्या सैन्याच्या देखरेखीखाली व्हायची होती. टेलरने ते होऊ दिलं नाही. लष्कर त्याचं, पोलीस त्याचे, लाकूड आणि हिऱ्यांचा पैसा त्याचा. निरीक्षकांनी सप्टेंबरअखेर गाशा गुंडाळला. १९९९ मध्ये उत्तरेकडून नवा बंडखोर गट आत शिरला.

२००३ च्या उन्हाळ्यात मोनरोवियाला वेढा पडला, भर वस्तीत उखळी तोफांचे गोळे पडत होते. ११ ऑगस्टला टेलर नायजेरियाला निघून गेला, १८ ऑगस्टला घानातल्या आक्रा इथे करार झाला आणि १९ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने १५०९ क्रमांकाचा ठराव करून नवी मोहीम मंजूर केली. पंधरा हजार सैनिक, शिवाय हजारभर पोलीस. तिचं लघुनाम अनमिल.

सुरुवात काही चांगली झाली नाही. डिसेंबर २००३ मध्ये मोनरोवियाजवळच्या शीफेलिन छावणीत शस्त्रं जमा करून घ्यायला सुरुवात झाली. अपेक्षा होती हजारभर माणसांची, आले कित्येक हजार. बंदुकीच्या बदल्यात पैसे ताबडतोब मिळणार अशी त्यांची समजूत झाली होती. शहरात गोळीबार आणि लुटालूट झाली, सगळा कार्यक्रम थांबवून एप्रिल २००४ मध्ये नव्याने सुरू करावा लागला. अखेर एक लाखाहून जास्त लोकांनी लढवय्ये म्हणून नावं नोंदवली आणि बंदुका जमा झाल्या २८,००० च्या आसपास. हा हिशेब जुळत नाही हे कुणालाही दिसेल. पण ज्यांच्या हातात बंदूक नव्हती, त्या स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, पळवून नेलेल्या पोरापोरींनाही यादीत जागा मिळाली, हे मला योग्यच वाटतं.

८ नोव्हेंबर २००५ ला दुसऱ्या फेरीत एलेन जॉन्सन सरलीफ यांनी फुटबॉलपटू जॉर्ज विया यांना हरवलं. आफ्रिकेत निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. जगभर कौतुक झालं. माझ्या मते या मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय इथे झाला: त्या निवडणुकीनंतर अनमिल परत गेली नाही. बारा वर्षं आणखी राहिली. जुनं लष्कर पूर्ण बरखास्त करून सुमारे दोन हजारांचं नवं उभं केलं गेलं, त्यातल्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासून. त्या लष्कराचा प्रमुख २०१४ पर्यंत नायजेरियन अधिकारी असायचा, फेब्रुवारी २०१४ मध्ये पहिला लायबेरियन प्रमुख आला. शांतिसैनिकांची संख्या टप्प्याटप्प्याने खाली आणली, मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा कपात थांबवली. ३० जून २०१६ ला सुरक्षेची सगळी जबाबदारी लायबेरियाच्या सरकारकडे गेली. त्यानंतरही जास्तीत जास्त ४३४ सैनिक आणि ३१० पोलीस एवढीच तुकडी ठेवली. गरज पडली तर हाताशी असावी म्हणून, गस्त घालायला नाही.

आणि मग आली २०१७ ची निवडणूक. १० ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत विया पहिले, उपाध्यक्ष जोसेफ बोआकाई दुसरे. तिसऱ्या क्रमांकावरचे चार्ल्स ब्रमस्किन गैरप्रकारांची तक्रार घेऊन गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरची दुसरी फेरी आदल्या दिवशी थांबवली. महिनाभर देश टांगणीला. मतपत्रिका तयार, कार्यकर्ते रस्त्यावर, शांतिसैनिक नावापुरते. १९९० मध्ये किंवा १९९७ मध्ये अशा वेळी काय झालं असतं याची कल्पना करा. २०१७ मध्ये लोक थांबले. ७ डिसेंबरला न्यायालयाने निकाल दिला, मतदारयादी स्वच्छ करायला लावली, २६ डिसेंबरला मतदान झालं. विया ६१.५ टक्के घेऊन जिंकले, बोआकाईंनी पराभव मान्य केला. एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्याकडे शांतपणे कारभार सोपवण्याची ही १९४४ नंतरची पहिली वेळ होती. शपथविधी २२ जानेवारी २०१८ ला, मोहीम बंद ३० मार्चला.

माझं म्हणणं एवढंच आहे की संक्रमण यशस्वी झालं हे जिंकणाऱ्याच्या शपथेवरून कळत नाही, हरणारा काय करतो त्यावरून कळतं. शांतिसेनेने तोपर्यंत थांबावं. तुम्हाला काय वाटतं?

नंदिनी_सातारा

वाचून काढलं एका बैठकीत. पण दादा, आपल्या मुलींचा उल्लेख राहिलाच की!

जानेवारी २००७ मध्ये सीआरपीएफच्या महिला जवानांची तुकडी मोनरोवियात उतरली. शांतिसेनेच्या इतिहासातली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. तेव्हा कमांडंट होत्या सीमा धुंडिया. तुकडीत सव्वाशेच्या आसपास माणसं, स्वयंपाकी आणि चालक वगैरे थोडे पुरुष. दर वर्षी तुकडी बदलायची, फेब्रुवारी २०१६ मध्ये शेवटची परत आली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, रात्रीची गस्त, दंगल झाली तर ढाली घेऊन पुढे, ही त्यांची कामं.

माझी आत्येबहीण सीआरपीएफमध्ये आहे. ती स्वतः गेली नव्हती, पण तिच्या बरोबरीच्या दोघी जाऊन आल्या. त्या सांगायच्या की पाऊस म्हणजे महाबळेश्वरची आठवण यावी असा, महिनोन्‌महिने कपडे वाळत नाहीत, बुटांना बुरशी. रात्री गस्तीची गाडी मोनरोवियातल्या काँगो टाउन वस्तीच्या गल्लीत थांबली की बायका दार उघडून बाहेर यायच्या. पुरुष शिपाई आला तर दार बंद असायचं. युद्धात बंदूकवाल्या पुरुषांनी बायकांचं जे केलं त्यानंतर वर्दीतल्या पुरुषावर विश्वास कसा बसणार? नळ कोरडा आहे, शेजारचा मारतो, पोरगी काल घरी आली नाही, सगळं या मुलींच्या कानावर घालायच्या. भाषेची अडचण, तरी.

सरलीफबाईंनी निरोपाच्या वेळी जाहीरपणे सांगितलं की या तुकडीकडे बघून आमच्या मुली पोलिसात आल्या. सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण आधी सहा टक्के होतं ते सतरा टक्क्यांवर गेलं. परत जाताना मागे काय ठेवलं असं कुणी विचारलं तर मी हे दाखवेन.

प्रश्नार्थक

माहिती उत्तम, पण 'यश' हा शब्द मला खटकतो आहे.

नंदिनीताईंनी बायकांच्या विश्वासाचं लिहिलं. त्याच मोनरोवियात शांतिसैनिक आणि मोहिमेतले कर्मचारी पैशांच्या, अन्नाच्या मोबदल्यात मुलींचं शोषण करत होते, अल्पवयीन मुलींचंही. हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वतःच्या चौकश्यांमध्ये आलेलं आहे. ज्यांच्यावर आरोप, त्यांना त्यांच्या देशात परत पाठवलं की प्रकरण संपलं. खटला चालवायचा तो त्या त्या देशाने, आणि तो क्वचितच चालतो. ज्या मुलींची मुलं मागे राहिली त्यांच्या लेखी मोहीम ३० मार्च २०१८ ला संपली नाही.

दुसरं. सत्य आणि सलोखा आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. युद्धगुन्ह्यांसाठी खास न्यायालय नेमा, अमुक लोकांवर खटले भरा, तमुक लोकांना तीस वर्षं सरकारी पदावर येऊ देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं. त्या तीस वर्षांच्या यादीत खुद्द सरलीफ होत्या, टेलरला सुरुवातीला मदत केल्याबद्दल. मोहीम असेपर्यंत यातलं काय झालं? काहीच नाही. अध्यक्ष डो यांना हाल हाल करून मारताना स्वतःचं चित्रीकरण करवून घेणारा प्रिन्स जॉन्सन निंबा परगण्याचा सिनेटर म्हणून वर्षानुवर्षं निवडून येत राहिला आणि २०२४ मध्ये सिनेटर म्हणूनच वारला. टेलरला पन्नास वर्षांची शिक्षा झाली ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात केलेल्या एकाही गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चाललेला नाही.

शांतता आली हे मान्य. तिची किंमत बळी पडलेल्यांनी गप्प बसून चुकवली. याला यश म्हणायचं का?

म्हापशेकर

मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेरची वाट धरली. सेसा गोवाने त्याआधीच लायबेरियात बोमी भागातला लोहखनिजाचा प्रकल्प घेतला होता. मी एका कंत्राटदाराकडून गेलो, टबमनबर्गला. आमच्याकडे डिचोलीला दिसते तशी लाल माती, पाणी भरलेले जुने खड्डे, घरं मात्र गोळ्यांच्या खुणांसकट.

शांतिसेना लोकांना रोज कशी दिसायची ते सांगतो. रस्त्यावर पांढऱ्या गाड्या, त्यांवर काळी अक्षरं. पावसाळ्यात आतल्या गावांचे रस्ते चिखलाने बंद झाले की शांतिसेनेचे अभियंते यंत्रं घेऊन हजर. सरकारी माणसाला आतल्या परगण्यात जायचं तर मोहिमेच्याच हेलिकॉप्टरमधून. आणि रेडिओ. अनमिल रेडिओ सगळीकडे चालू, चहाच्या टपरीपासून टॅक्सीपर्यंत. मोहीम गेल्यावर तो रेडिओ बंद पडू दिला नाही, पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने चालवायला घेतला. हा मुद्दा कुणी लिहीत नाही, पण अफवांवर चालणाऱ्या देशात विश्वासाचा रेडिओ म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळतं.

मग २०१४, इबोला. लायबेरियात हस्तांदोलन करताना शेवटी एकमेकांच्या बोटाने चुटकी वाजवतात, दोस्तीची खूण. ती एका आठवड्यात बंद झाली. प्रत्येक दाराशी नळ लावलेली बादली, क्लोरीनचं पाणी, कपाळाला लावायचं तापमापक यंत्र. देशात ४,८०० च्या आसपास माणसं गेली. ऑगस्टमध्ये सरकारने वेस्ट पॉइंट ही मोनरोवियातली झोपडपट्टी लष्कर लावून बंद केली, लोक चिडले, नव्या लष्कराने गोळी चालवली आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, आता हे परत जुन्या वाटेला लागणार.

पण पुढे काय झालं बघा. चौकशी झाली, काही दिवसांत वेढा उठवला. त्याच लष्कराने नंतर उपचारकेंद्रं बांधायला हात लावला. सुरक्षा परिषदेने कपात तात्पुरती थांबवली, पण मोहीम वाढवून देश परत ताब्यात घेतला असं केलं नाही. मला वाटतं पाऊलवाट म्हणतात ती परीक्षा निवडणुकीच्या आधी इथेच एकदा झाली होती.

प्रश्नार्थक यांचं मला पटतं. आमच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई होती, तिच्या नवऱ्याला ज्याने मारलं तो त्याच गावात मोटरसायकल टॅक्सी चालवायचा. ती त्याच्या मागे बसून बाजाराला जायची. दुसरी टॅक्सी नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, पोरांची शाळा आहे. याच्यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मर्चंट नेव्हीत असलेल्या कोकणातल्या पोरांना लायबेरिया चांगला माहीत, एकदाही पाय न ठेवता. जहाजाच्या मागच्या बाजूला नोंदणीचं बंदर रंगवलेलं असतं, तिथे 'मोनरोविया' वाचतच आमची नोकरी झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज-नोंदण्यांपैकी ही एक, आणि कारभार चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून.

युद्धाच्या काळातही ही नोंदणी सुरू होती आणि तिचा पैसा टेलरच्या सरकारकडे जात होता. त्यातली रक्कम शस्त्रास्त्रांच्या खरेदीकडे वळवली गेल्याचं संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये पुढे आणलं. पुढे लाकडावर निर्बंध आले, हिऱ्यांवर आधीच होते. लाकडावरचे २००६ मध्ये आणि हिऱ्यांवरचे २००७ मध्ये उठले, सगळे निर्बंध २०१६ च्या मे महिन्यात. म्हणजे सैनिक कमी होत गेले त्याच काळात पैशांच्या वाटाही नीट होत गेल्या. फक्त सैनिकांच्या संख्येकडे पाहून चालत नाही. टेलरला बंदुका फुकट मिळत नव्हत्या.

कर्नल_निवृत्त

चर्चा चांगल्या पातळीवर चालली आहे म्हणून लिहितो.

मी काँगोत होतो, गोमाच्या बाजूला, भारतीय ब्रिगेडमध्ये. एखादी चौकी उठवायची असते तेव्हा काय होतं ते पुस्तकात नसतं. आदेश येण्याआधीच गावाला कळलेलं असतं, कारण कंटेनरवर सामान चढायला लागतं. गावचा मुखिया येतो, बरोबर शिक्षक, एखादा पाद्री. विचारतात, तुमच्या जागी कोण येणार? याचं नाव गाव सांगून उत्तर देता आलं तर चौकी उठवावी. 'सरकार येईल' हे उत्तर नाही. चौकीभोवती विस्थापितांची वस्ती वसलेली असते, दिव्याच्या उजेडात. तुम्ही जनरेटर बंद करून निघालात की ती वस्ती त्याच रात्री उठते.

काँगोच्याच दक्षिण किवू प्रांतातून शांतिसेना जून २०२४ मध्ये काढून घेतली. काँगो सरकारचीच मागणी होती. जानेवारी २०२५ मध्ये गोमा बंडखोरांच्या हाती गेलं, फेब्रुवारीत दक्षिण किवूची राजधानी बुकावूही. शांतिसेना असती तर बुकावू वाचलं असतं असा माझा दावा नाही, गोम्यात ती असूनही गोमा पडलंच. पण जिथे जबाबदारी घ्यायला समोर कुणी उभंच नाही, तिथे तारखेवर बोट ठेवून निघू नये.

उलट उदाहरण नामिबिया. एप्रिल १९८९ ते मार्च १९९०, एक वर्षही नाही. सेनापती आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद. निवडणूक, संविधान, २१ मार्च १९९० ला स्वातंत्र्य, आणि मोहीम परत. तिथे फक्त बारा महिन्यांत जमलं, कारण लढाई बाहेरच्या सत्तेविरुद्ध होती, ती सत्ता निघून जायला तयार झाली होती, आणि स्वापो हा एक संघटित पक्ष कारभार हातात घ्यायला तयार होता. लायबेरियात शेजारी शेजाऱ्याविरुद्ध लढला होता. म्हणून 'किती वर्षं थांबावं' याचं सरसकट उत्तर देता येणार नाही.

पूर्व तिमोर अभ्यासावं असं सर्वांना सुचवतो. २००२ मध्ये स्वातंत्र्य, मे २००५ मध्ये शांतिसेना परत, सगळीकडे वाहवा. वर्षभरात सहाशेच्या आसपास सैनिकांना बडतर्फ करण्यावरून लष्कर फुटलं, लष्कर आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, दीड लाख लोक घर सोडून पळाले. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मोहीम न्यावी लागली. ती डिसेंबर २०१२ पर्यंत राहिली, त्या वर्षीच्या निवडणुका शांततेत पार पडल्यावरच निघाली.

अथर्व_०७

सहज विचारतो, मग काश्मीरमधले निरीक्षक १९४९ पासून अजून का आहेत? त्यांना कोण परत पाठवणार?

पाऊलवाट

अथर्व, सिमला करारानंतर त्या निरीक्षकांचं काम उरलेलं नाही अशी भारताची भूमिका आहे, पाकिस्तानला ती मान्य नाही, आणि सुरक्षा परिषदेने ठराव केल्याशिवाय ते जात नाहीत. पण तो दोन देशांमधल्या शस्त्रसंधीचा विषय आहे, एका देशातल्या सत्तांतराचा नाही. त्यावर वेगळा धागा काढ, मी नक्की लिहीन. इथे लायबेरियावरच राहू.

कर्नल साहेब, तिमोरबद्दल आभार. १९९७ चं लायबेरिया आणि २००५ चं तिमोर एकाच पठडीतले आहेत असं मला वाटतं. दोन्हीकडे मतदान नीट झालं, आणि बंदूक कुणाच्या हुकमाखाली हा प्रश्न तसाच राहिला.

प्रश्नार्थक, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे बचाव नाही, करायचाही नाही. दुसऱ्याबद्दल बोलतो. २००६ मध्ये सरलीफ यांच्या सरकारने सगळ्या टोळीप्रमुखांना एकदम आत टाकायला घेतलं असतं तर काय झालं असतं? एक लाख माजी लढवय्ये, नवं लष्कर अजून कागदावर. मला वाटतं २०१७ ची ती महिनाभराची शांतता मिळालीच नसती. न्याय लांबला, खूप लांबला. पण तो मागायला आज लोक रस्त्यावर उतरू शकतात, न्यायालयात जाऊ शकतात, हे त्याच शांततेमुळे.

मेघना_कोथरूड

या सगळ्यात ज्या बायकांनी टेलरला वाटाघाटींना बसवलं त्यांचं नाव यायला हवं. २००३ मध्ये लेमा बोवी आणि त्यांच्या सोबतिणी पांढरे कपडे घालून मोनरोवियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसायच्या, उन्हात आणि पावसात, ख्रिश्चन आणि मुस्लिम एकत्र. टेलरचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. आक्र्यात बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाचं दार अडवलं, समझोता झाल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. बोवी आणि सरलीफ यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं, येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत.

हे इथे लिहायचं कारण असं की शांतिसेना गेल्यावर गावातली भांडणं कोण मिटवणार हा प्रश्न होता. जमिनीची भांडणं तर हजारोंनी, कारण युद्धात पळालेले लोक परत आले तेव्हा शेतात दुसराच बसलेला. कोर्ट लांब, वकील परवडत नाही. त्याच बायकांनी गावोगावी 'शांतिघरं' चालवली, छपराखाली गोल बसून दोन्ही बाजू ऐकायची. कर्नलकाका विचारतात ना, तुमच्या जागी कोण येणार? कित्येक गावांत उत्तर या बायका होत्या.

पाऊलवाट, तुमच्या 'हरणारा काय करतो' या मुद्द्याला जोडून. २०२३ मध्ये विया आणि बोआकाई पुन्हा समोरासमोर आले. दुसऱ्या फेरीत बोआकाईंना ५०.६४ टक्के, वियांना ४९.३६. पदावर असलेला अध्यक्ष, एवढा निसटता निकाल. वियांनी अधिकृत निकाल यायच्या आधीच १७ नोव्हेंबरला रेडिओवरून पराभव मान्य केला आणि बोआकाईंना फोन केला. तेव्हा देशात एकही शांतिसैनिक नव्हता. त्याच काळात माली, बुर्किना फासो, नायजर आणि शेजारचं गिनी इथे लष्कर सत्तेत होतं.

नंदिनी_सातारा

मेघना, हे वाचून अंगावर काटा आला. एक भर घालते. लायबेरियाचे सैनिक २०१३ पासून मालीत शांतिसैनिक म्हणून गेले. ज्या लष्कराचं नाव काढलं की लोक पळायचे, त्याच देशाचे जवान निळं शिरस्त्राण घालून दुसऱ्यांच्या गावांवर पहारा द्यायला. २०१७ मध्ये टिंबक्टूतल्या हल्ल्यात त्यांचा एक जवान गेला.

म्हापशेकर

आणि आता २०२६-२७ साठी लायबेरिया सुरक्षा परिषदेवर निवडून आला आहे. लेबनॉनमधून सैनिक निघतील तेव्हा त्या टेबलावर तो बसलेला असेल.

प्रश्नार्थक

सगळ्यांची उत्तरं वाचली. मेघना यांनी दिलेले २०२३ चे आकडे माझ्या मताला धक्का देणारे आहेत, तेवढं मोकळेपणाने मान्य करतो. शांतता टिकली आणि ती त्यांच्या स्वतःच्या बळावर टिकली.

तरी पाऊलवाट यांच्या 'न्याय लांबला' या वाक्यावर मी अडून बसणार आहे. मे २०२४ मध्ये बोआकाईंनी युद्धगुन्हे आणि आर्थिक गुन्ह्यांसाठीचं न्यायालय स्थापन करण्याच्या तयारीसाठी एक कार्यालय काढण्याच्या हुकमावर सही केली. २०२५ मध्ये टॉलबर्ट आणि डो या दोन्ही मारल्या गेलेल्या अध्यक्षांचे विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाले. चांगलं आहे. पण न्यायालय म्हणजे कायदा हवा, न्यायाधीश हवेत, साक्षीदारांना संरक्षण हवं आणि पैसा हवा. आरोपी साठीसत्तरीत आहेत, एकेक करून मरताहेत. साक्षीदारही. म्हापशेकरांच्या स्वयंपाकघरातल्या त्या बाईला साक्ष द्यायची असेल तर टबमनबर्गहून मोनरोवियाला ती कुणाच्या गाडीवर बसून जाणार?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ मध्ये निघताना हे न्यायालय उभं करण्याची अट घालायला हवी होती, निदान त्याचा पैसा बाजूला काढून ठेवायला हवा होता. पंधरा वर्षं हजारो सैनिक पोसायला पैसा होता, मग यालाच का नसावा? कर्नल साहेब, मेघना, यावर तुमचं मत वाचायला आवडेल.

मेघना_कोथरूड

अटीच्या बाबतीत मी सहमत नाही. बाहेरच्यांनी अट म्हणून लादलेलं न्यायालय टोळीप्रमुखांच्या समर्थकांनी पहिल्याच वर्षी 'परक्यांचं' म्हणून हाणून पाडलं असतं, आता ते निदान त्यांच्याच संसदेतून येतंय. पैशांच्या बाबतीत मात्र शंभर टक्के सहमत. सिएरा लिओनच्या खास न्यायालयाचा खर्च देशोदेशींच्या ऐच्छिक देणग्यांवर चालला आणि तिथेही वारंवार तंगी होती. त्याचा सविस्तर तपशील रविवारी बसून लिहिते.